चार महागडे फ्री एजंट आणि ४२ मॅचेस: आमच्या बेसबॉल टीमचं पूर्ण प्रकरण

१ जूनला मासेमारी बंद झाली आणि दादा मोकळा झाला म्हणून हे प्रकरण नीट बसून बघता आलं, नाहीतर चौघांनाही आम्ही एका रात्रीत सोडून दिलं असतं आणि त्यात तीन चांगले खेळाडू गेले असते.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. हर्णैला असतो, बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन पुण्या-मुंबईकडे पाठवतो. मी इकडे देवगडला, घरची हापूसची बाग आहे आणि बाबा आणखी दोन-तीन बागा कराराने घेतात. आम्ही दोघं मिळून तीन वर्षं झाली एका ऑनलाइन बेसबॉल मॅनेजमेंट गेममधे एक टीम चालवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात आपण बॅट हातात घेत नाही, आपण मालक आणि मॅनेजर, खेळाडू घ्यायचे, लाइनअप लावायची, बजेट सांभाळायचं आणि रोज रात्री साडेनऊला कॉम्प्युटर सहा मॅचेस खेळवतो. सीझन खऱ्या मेजर लीगसारखा (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग) १६२ मॅचेसचा, म्हणजे २७ रात्री. लीगमधे माणसं बारा, बाकीच्या टीम कॉम्प्युटरच्याच.

मे महिन्यात आंब्याची धावपळ चालू असताना फ्री एजंटचा, म्हणजे जुना करार संपून कोणत्याही टीमकडे जायला मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडला. पेट्या भरून झाल्या की रात्री अकराला फोनवर बसायचो आणि त्या घाईत आम्ही चार जण घेतले. एक फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवर फिल्डिंग करणारा), ३३ वर्षांचा, डावखुरा, वर्षाला २१ मिलियन डॉलर, तीन वर्षांचा करार. एक स्टार्टिंग पिचर (मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकणारा), १३ मिलियन. एक थर्ड बेसमन ज्याला आम्ही शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डिंगची अवघड जागा) खेळवायचं ठरवलं, ८ मिलियन. आणि एक रिलीव्हर (नंतर बदली म्हणून येणारा पिचर), २ मिलियन. एकूण ४४, आणि आमचं सगळं बजेटच ११०, म्हणजे ४० टक्के पैसा चार माणसांवर.

सात रात्रींनंतर, म्हणजे ४२ मॅचेसनंतर, आमचे १६ विजय आणि २६ पराभव. फर्स्ट बेसमन गेल्या वर्षी .३१२ च्या अ‍ॅव्हरेजने ३८ होमरन मारून आलेला (.३१२ म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर ३१२ वेळा हिट, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचला; होमरन म्हणजे आपल्या सिक्ससारखा थेट बाहेर मारलेला बॉल), तो .२१३ वर आणि होमरन ४. पिचरचा ईआरए (नऊ इनिंगला किती रन देतो तो आकडा, कमी तेवढा बरा) गेल्या वर्षी २.७१ होता तो ५.१९. शॉर्टस्टॉप .२९१ वरून .२३८ वर. रिलीव्हरचा ईआरए ६.४३. त्या रात्री पाऊस धो धो, लाईट गेलेली, फोनवर दादा म्हणाला की सगळ्यांना रिलीज कर, मला यांची नावं पण स्क्रीनवर नकोत. माझं पण तेच मत होतं खरं सांगायचं तर. पण रिलीज करून पैसे वाचत नाहीत, मेजर लीगमधले करार गॅरंटीड असतात आणि गेममधे पण तसंच आहे, खेळाडू घरी बसला तरी त्याचे पैसे आपल्याच बजेटमधून जातात. मग म्हटलं पैसे जाणारच आहेत तर आधी झालंय काय ते तरी बघू.

पहिला संशय दादाला मोरालचा आला. गेममधे प्रत्येक खेळाडूचा मूड दिसतो, नवीन आलेले खूश नाहीत म्हणून खेळत नाहीत असं त्याचं म्हणणं. बघितलं तर पिचर आणि रिलीव्हर दोघं चांगल्या मूडमधे होते आणि तरी मार खात होते, आणि बाकी दोघांचा मूड पडला होता तो टीम हरायला लागल्यानंतर, आधी नाही. दुसरा संशय असा की गेमच फ्री एजंटना मुद्दाम खाली ओढतो, हे लीगमधे बऱ्याच जणांना वाटतं. ते तपासायला मी त्या बाजारातले सगळ्यात महाग २० खेळाडू काढले, सगळ्या टीमचे, आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांशी लावून बघितले. २० पैकी १४ खाली आले होते. दादा म्हणाला बघ, मी म्हणत होतो. पण मग मी उलट्या बाजूने बघितलं, गेल्या वर्षी वाईट खेळलेले आणि कमीत कमी पैशात साइन झालेले जे होते त्यातले बरेचसे वर आलेले होते! आमच्याच टीममधे एक सेकंड बेसमन फुकटच्या भावात घेतलेला, गेल्या वर्षी .२२१, आता .२६८. गेमला जर फ्री एजंटचं वाकडं असतं तर हा पण फ्री एजंटच होता की.

इथे खरा मुद्दा हाती लागला. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे लावून दाखवलं होतं की खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात पण सरासरीच्या जरा जवळ सरकलेली, आणि खूप बुटक्यांची पण तशीच उलट्या बाजूने. एका सीझनच्या आकड्यात खेळाडूचं कसब असतं आणि नशीबही असतं. बाजारात सगळ्यात वर कोण दिसतो, तर ज्याचं कसब चांगलं आणि त्या वर्षी नशीबही बरोबर होतं तो. पुढच्या वर्षी कसब येतं बरोबर, नशीब येत नाही. तेव्हा आमचे चौघं खाली येणार हे त्यांनी आमच्यासाठी एक बॉल खेळायच्या आधीच बरंचसं ठरलेलं होतं, आणि ते कसं, हे त्यांना निवडायच्या आमच्या पद्धतीत होतं.

बाबा बाजूला बसून ऐकत होते, त्यांना बेसबॉलचं काही कळत नाही पण मी सारखं गेल्या वर्षी गेल्या वर्षी म्हणतोय हे ऐकून म्हणाले, "गेल्या वर्षी माल किती झालो ता इचारू नको, दोन वर्सांपूर्वी किती झालो ता इचार." हापूस वर्षाआड धरतो हे आमच्याकडे लहान पोराला माहिती असतं. भरपूर आलेल्या वर्षाचा हिशोब दाखवून बाग पुढच्या वर्षीच्या कराराला काढणारे असतात, आणि नवीन माणूस तो हिशोब बघून पैसे मोजतो. अर्थात झाड आणि बॅटर एकसारखे नाहीत. झाड दमलेलं असतं म्हणून कमी देतं, बॅटर दमलेला नसतो, त्याचं गेलं वर्षच जरा जास्त उजळ दिसलेलं असतं. पण एका वर्षावर भाव करायचा नाही हे दोन्हीकडे लागू. फर्स्ट बेसमनचं त्याआधीचं आम्ही बघितलंच नव्हतं, त्या दोन सीझनला त्याचा अ‍ॅव्हरेज .२६४ आणि .२७१. म्हणजे .३१२ हा एकटाच आकडा वेगळा, आणि आम्ही पैसे मोजले ते त्याचेच.

आणि मोजले पण किती! बाजार बंद झाला की आमच्या लीगमधे सगळ्यांच्या ऑफर उघड होतात. फर्स्ट बेसमनला सहा टीमनी ऑफर दिलेली, आमची २१, दुसऱ्या नंबरची १४. दादा हे बघून गप्प झाला, कारण त्याचा धंदाच लिलावाचा. हर्णैला वाळूत पापलेटचा ढीग लागतो, दहा जण बघतात, प्रत्येकाचा मनातला अंदाज वेगळा, कोणाचा कमी कोणाचा जास्त, आणि ढीग ज्याच्या नावावर सुटतो तो नेहमी सगळ्यात जास्त अंदाज करणारा असतो. दादा म्हणतो, ढीग मिळाला की मी आधी बाकीच्यांचे चेहरे बघतो, सगळे आरामात उभे असले की समजायचं आपण जास्त बोललो. यावर १९७१ मधे तेल कंपनीत काम करणाऱ्या तीन इंजिनियरनी पेपर लिहिलेला आहे, मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या जागांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना पैसा का सुटत नाही यावर, त्याला विनर्स कर्स, म्हणजे जिंकणाऱ्याचा शाप, म्हणतात. फरक इतकाच की हर्णैला बोली उघड असते, बाकीचे थांबले की दादाही थांबतो. गेममधे बोली बंद पाकिटातली. चेहरे दिसत नाहीत. तिथे दादाने आपला अंदाज आहे तसाच्या तसा लिहिला, आणि जो माणूस बंदरावर शंभर रुपयेसुद्धा जास्त जाऊ देत नाही त्याचे वर्षाला सात मिलियन जास्त गेले.

वयाचं पण आलंच. मेजर लीगमधे सहा वर्षं सर्व्हिस भरल्याशिवाय खेळाडू फ्री एजंट होत नाही. ही फ्री एजन्सीच मुळात १९७५ च्या डिसेंबरमधे पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला तिथून चालू झाली. सहा वर्षं म्हणजे बहुतेक जण बाजारात येतात तेव्हा तिशीच्या आसपास पोचलेले असतात, आणि बॅटरचा बहर सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास. आमच्या गेममधे पण वयाची तीच रेघ आहे. बाजारात येणारा माल मुळात उताराला लागलेला असतो हे धरूनच भाव करायला हवा होता.

आता एवढं सगळं कळलं तरी प्रश्न राहतोच की ४२ मॅचेसवरून कोण खरंच संपलाय आणि कोणाचं नशीब फिरलंय हे कसं ओळखायचं. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मला वाटतं या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. सगळे आकडे एकाच वेगाने भरवशाचे होत नाहीत. बेसबॉलवाल्यांनी हे मोजलेलं आहे, बॅटर साधारण ६० वेळा खेळायला आला की त्याच्या स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइक होऊन बाद) प्रमाणावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, वॉकला (चार बॉल बाहेर पडून फुकट मिळालेला बेस) साधारण १२०, होमरनला १७०, आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेजला मात्र ९०० च्या आसपास, म्हणजे दीड सीझन! आणि आम्ही बघत काय होतो, तर अ‍ॅव्हरेज.

खऱ्या बेसबॉलमधलं उदाहरण द्यायचं तर अल्बर्ट पुहोल्स. सेंट लुईसला अकरा सीझन .३२८ चा अ‍ॅव्हरेज, मग एंजल्सनी १० वर्षांसाठी २४० मिलियनला घेतला, आणि २०१२ च्या एप्रिलमधे .२१७, एक होमरन नाही. पहिला होमरन आला ६ मे ला. तिथे सोडून दिला असता तर? सीझन संपला तेव्हा .२८५, ३० होमरन. आपल्याकडचं बघायचं तर आयपीएल २०२४ चा मिचेल स्टार्क, २४.७५ कोटी, पहिल्या दोन मॅचमधे ८ ओव्हर १०० रन एकही विकेट नाही, लोकांनी काय काय लिहिलं तेव्हा, आणि फायनलला २ विकेट १४ रन आणि मॅन ऑफ द मॅच. पण याच्या उलट पण आहे, अ‍ॅडम डन २०११ ला व्हाइट सॉक्सकडे आला आणि वर्षभर .१५९ वरच राहिला, कोणी कितीही थांबलं तरी त्या वर्षी तो सुधारला नाही. त्यामुळे नुसतं थांबा म्हणणं पण बरोबर नाही. कोणता आकडा बिघडलाय ते बघायला लागतं.

तर एकेकाला धरलं. रिलीव्हरचं सगळ्यात सोपं, एकूण १४ इनिंग टाकलेल्या, १० रन, त्यातल्या ६ एकाच मॅचमधे जिथे त्याने एकच बॅटर आउट केला. ती मॅच बाजूला ठेवली तर ईआरए २.६३. १४ इनिंगवरून कोणाबद्दल काही बोलूच नये, सोडून दिला विषय.

फर्स्ट बेसमनचं वाईट निघालं. १६८ वेळा खेळायला आला, ५० स्ट्राइकआउट, म्हणजे ३० टक्क्याला टेकलेला, गेल्या वर्षी २१ टक्के. हा आकडा ६० ला भरवशाचा होतो आणि इथे १६८ झालेले. नशीब बघायला बॅबिप बघतात, म्हणजे मैदानात पडलेल्या बॉलपैकी किती हिट झाले, होमरन आणि स्ट्राइकआउट सोडून. सगळ्यांचा मिळून तो .३०० च्या जवळ असतो. याचा .२८९. म्हणजे नशिबाने काही फार मारलेलं नाही, बॉल बॅटलाच लागत नाहीये. त्यात त्याच्या जुन्या स्टेडियमला उजवीकडची भिंत जवळ, डावखुऱ्याला सोयीची, ३८ पैकी २५ होमरन घरच्या मैदानावर. आमचं मैदान आम्हीच समुद्रकाठचं निवडलेलं, थंड हवा आणि उजवीकडे खोल. (मला इतके दिवस वाटायचं की खारी दमट हवा जड म्हणून बॉल जात नाही. तसं नाहीये, पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, बॉल अडतो तो समुद्रसपाटीच्या थंड दाट हवेने, आणि ओलाव्याने बॉल स्वतः जरा मऊ पडतो तो परिणाम वेगळा. डेन्व्हरच्या कूर्स फील्डला २००२ पासून बॉल मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात ते याचसाठी.) मैदान बदललं की माणूस किती बदलतो हे त्याच डेन्व्हरला दिसलंय, माइक हॅम्प्टन मेट्सकडे २००० साली ३.१४ चा पिचर, डेन्व्हरच्या रॉकीज टीमने ८ वर्षांचे १२१ मिलियन दिले आणि १६०० मीटर उंचीवरच्या त्या विरळ हवेत २००१ ला ५.४१, २००२ ला ६.१५. आमच्या फर्स्ट बेसमनचं तेच, फक्त उलट्या दिशेने, आणि वर वय.

पिचरचं आणि शॉर्टस्टॉपचं मात्र मी वेगवेगळं बघत होतो ते चुकत होतं. पिचर, ५२ इनिंग, ४९ स्ट्राइकआउट, १५ वॉक, ५ होमरन. हे तीन आकडे असे आहेत की ज्यात फिल्डरचा हात नाही, आणि यावरून फिप काढतात, म्हणजे फिल्डर बाजूला ठेवून ईआरए किती यायला हवा होता तो आकडा, तो आला ३.३३. एवढा चांगला पिचर आणि ईआरए ५.१९? बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या वोरोस मॅक्रॅकनने २००१ ला मांडलं होतं की बॉल एकदा मैदानात पडला की तो हिट होतो का नाही यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. आमच्या पिचरचा बॅबिप .३५२. गेल्या वर्षी .२४८. म्हणजे गेल्या वर्षीचा २.७१ हाच मुळात खऱ्यापेक्षा चांगला दिसलेला होता, आणि यंदाचा ५.१९ खऱ्यापेक्षा वाईट. पण .३५२ सगळं नशीब म्हणून मला पटेना. मग दादाने सांगितलं की प्ले बाय प्ले (मॅचमधल्या प्रत्येक घटनेची नोंद) उघड आणि ग्राउंडर (जमिनीलगत जाणारे बॉल) कुठून जातायत ते मोज. त्या रात्री दोघांनी फोन चालू ठेवून पिचरच्या नऊही मॅचेस वाचल्या, दादा वाचत होता मी वहीत रेघा मारत होतो, आणि डोळ्यासमोर आलं की हिट होणारे ग्राउंडर मोठ्या संख्येने शॉर्टस्टॉपच्या डाव्या-उजव्या बाजूने जातायत.

आम्हीच बसवला होता तिथे त्याला. थर्ड बेसला त्याचं फिल्डिंग रेटिंग ६०, २० ते ८० च्या मापावर, चांगलं. शॉर्टस्टॉपला ३५. बॅट चांगली आहे, फिल्डिंग शिकेल, असं मी म्हणालो होतो, दादा नको म्हणत होता. म्हणजे एका फ्री एजंटला मी चुकीच्या जागी उभं केलं आणि त्याने दुसऱ्या फ्री एजंटचा ईआरए फाडला, आणि आम्ही शिव्या देत होतो दोघांना. बोस्टनने २०१५ ला हॅन्ली रामिरेझला असंच लेफ्ट फील्डला उभं केलं होतं, फिल्डिंगचे हाल आणि बॅटिंग .२४९. पुढच्या वर्षी फर्स्ट बेसला आणला, .२८६ आणि ३० होमरन. आमच्या शॉर्टस्टॉपच्या बॅटमधे तर बिघाडच नव्हता, स्ट्राइकआउट आणि वॉक दोन्ही गेल्या वर्षीइतकेच, बॅबिप फक्त .२६४.

आठव्या रात्रीच्या आधी बदल केले. त्याला थर्ड बेसला नेला, शॉर्टस्टॉपला बेंचवरचा एक पोरगा लावला जो बॅटने .२०५ च्या वर जात नाही पण हात सोन्याचे. पिचरला हात लावला नाही. फर्स्ट बेसमनला चौथ्या नंबरवरून सातव्याला आणला आणि फक्त उजव्या हाताच्या पिचरसमोर खेळवला. रिलीव्हर आहे तसाच. लीगमधल्या एकाने विचारलं की .२३८ वाल्याला ठेवून .२०५ वाला का आत घेतलास, त्याला वहीतल्या रेघांचा फोटो पाठवला.

सीझन संपला तेव्हा पिचर १९० इनिंग, ईआरए ३.७९, बदलानंतरचा बॅबिप .२९१. थर्ड बेसमन .२७३, २२ होमरन. रिलीव्हर ३.८८. टीम ७९-८३, म्हणजे बदलानंतर ६३-५७. याचं सगळं श्रेय बदलाला देणार नाही, पिचरचं नशीब काही न करताही थोडं परत आलंच असतं, एका सीझनवरून फिल्डिंग किती आणि नशीब किती हे सोडवता येत नाही. पण २.७१ चा पिचर आम्हाला मिळाला नाही आणि मिळणार पण नव्हता. मिळाला तो ३.७९ चा, आणि तसा म्हणून १३ मिलियन जरा जास्तच.

फर्स्ट बेसमन .२२६, १४ होमरन. त्याचे अजून दोन वर्षांचे ४२ मिलियन आमच्या बजेटमधे बसलेत. दादा आता ऑगस्टच्या तयारीला लागलाय, बर्फाचं, गाडीचं, रात्री फार बोलणं होत नाही. ज्यांच्या स्टेडियमला उजवीकडची भिंत जवळ आहे अशा दोन टीमच्या मालकांना मी मेसेज करून ठेवलाय, अर्धे पैसे आम्ही भरतो, माणूस घेऊन जा. एकाने त्याच्या तीन वर्षांचे आकडे मागितलेत. पाठवलेत, तिन्ही.